घरचा फोर बाय फाइव्ह अन् मिस्त्री काकांचं दीड सूत

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बाबांना ओसरीत खुर्चीवर बसवलं. संध्याकाळचे पाच वाजले होते, उजेड एका बाजूनं येत होता, मी माझ्या लाकडी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरलो, मागच्या दुधी काचेवर भिंग टेकवून त्यांच्या डाव्या डोळ्यावर फोकस केला, फिल्मचा होल्डर सरकवला, फिल्म झाकणारी पट्टी म्हणजे डार्क स्लाइड ओढली, लेन्सचं झाकण काढलं, मनात एक सेकंद मोजला अन् झाकण परत लावलं. बाबा दगडासारखे बसले होते, म्हणजे फोटो चांगलाच येणार असं मी धरून चाललो होतो.

रात्री बाथरूममध्ये फिल्म डेव्हलप केली. ओली निगेटिव्ह लाल दिव्यासमोर बरी दिसली, पण सकाळी वाळल्यावर उजेडात धरून भिंग लावलं तर डोळे मऊ. पापण्या एकमेकींत मिसळलेल्या. म्हटलं हलले असतील. मग भिंग कानावर नेलं तर कानाच्या पाळीवरचे पांढरे केस एकेक मोजता येत होते. माणूस हलला असता तर कान पण हलले असते ना. म्हणजे बाबा हलले नव्हते, फोकस डोळ्यांवरून घसरून दहा-बारा सेंटीमीटर मागे कानावर जाऊन बसला होता, अन् तो मी घसरवलेला नव्हता, कॅमेऱ्यानं घसरवला होता. माझ्या हातानं बनवलेल्या कॅमेऱ्यानं.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगतो.

सुरुवात लेन्सपासून झाली. ओळखीच्या एका छापखान्यातला जुना प्रोसेस कॅमेरा, छपाईसाठी पानांचे फोटो काढायचा तो, भंगारात निघत होता. कॉम्प्युटरवरून थेट प्लेट निघायला लागल्यावर या अवाढव्य कॅमेऱ्यांना काही कामच उरलं नाही, बरेचसे किलोच्या भावानं गेले. त्याची लेन्स मला मिळाली, रोडेनस्टॉकची अ‍ॅपो-रोनार, २४० मिमी, एफ/९. हा एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढं छिद्र लहान. कपाटात ठेवायला म्हणून कोणी ही लेन्स घेत नाही. ही बनवलीच होती सपाट कागदावरचं अक्षर न अक्षर कोपऱ्यापर्यंत सारखं टिपायला, जवळपास एकास एक मापात, पण लहान छिद्रावर ती दूरच्या दृश्यालाही उत्तम चालते. तिला शटर नाही. झाकण हेच शटर.

या लेन्सला साजेसा कॅमेरा म्हणजे फोर बाय फाइव्ह, चार इंच बाय पाच इंचाची एकेक सुटी फिल्म. ३५ मिमीच्या एका फ्रेमच्या जवळजवळ तेरा पट जागा. अन् खरं सांगायचं तर असा कॅमेरा म्हणजे फार काही नसतंच, पुढे लेन्सची फळी, मागे काच, मधे भाता, अन् हे सगळं सरकायला एक पाट. लाकडाचं काम आहे, आपल्या देशात ते झालेलंही आहे, केरळात अलप्पुळाला वागीश्वरी नावाचे सागवानी कॅमेरे बनायचे अन् स्टुडिओवाले ते पिढ्यानपिढ्या वापरायचे. मग नागपुरात सागवानाची काय कमी. इथलं सीपी टीक म्हणजे चांदा-बल्लारशाच्या जंगलातलं सागवान, त्याचं नाव देशभर.

डिसेंबरात लकडगंजला, इथल्या लाकूडबाजारात गेलो. नवीन लाकूड घेऊ नका असं दोघा-तिघांनी सांगितलंच होतं, कारण नवीन लाकूड वाळताना पिळतं. एका दुकानात पाडलेल्या घरांच्या चौकटी रचून ठेवल्या होत्या, त्यातली एक घेतली, साठ-सत्तर वर्षांची तरी असेल, वरून काळीकुट्ट अन् रंधा मारला की आतून मधाचा रंग. तो वास अजून माझ्या खोलीत आहे.

रंधा मारला तो अर्थात मी नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला मिस्त्री काकांचं दुकान आहे, पत्र्याची शेड, बाहेर बाभळीची सावली. आमच्या घरचे पलंग, दारं सगळं त्यांच्याच हातचं. मी ग्राफवर काढलेलं चित्र त्यांच्यासमोर ठेवलं, त्यांनी चश्मा कपाळावरून खाली घेतला, बराच वेळ पाहिलं.

"हे कायचं डबडं होय भाऊ?"

"कॅमेरा आहे काका."

"मंग यात मशीन कुठं हाये?"

म्हटलं मशीन नाहीच, लाकूड अन् कापड अन् एक काच. त्यांनी परत पाहिलं, म्हणाले, "तं मंग होते."

काका मापं सगळी सुतात घेतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीपेक्षा थोडं जास्त. माझ्या चित्रावर मिलिमीटर लिहिलेले, ते प्रत्येक आकडा वाचायचे, टेपवर पाहायचे अन् पेन्सिलीनं बाजूला सुतात लिहायचे. तेव्हाच मला जरा धाकधूक वाटली होती. काही ठिकाणी सूत एकदम फिट बसलं, हे मान्य करतो. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंचाचा असतो, इंचाला वीस आटे. मी ऑनलाइन महागातला शोधत होतो अन् काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून दोन सुती बोल्ट आणून दिला. दोन सुती म्हणजे पाव इंच, त्यालाही वीसच आटे, फक्त आट्याचा कोन जरासा वेगळा. फिट बसतो. मोठ्या ट्रायपॉडला ३/८ लागतो तो तीन सुती. ज्यांना ट्रायपॉडचे स्क्रू मिळत नाहीत त्यांनी एवढं लक्षात ठेवा, बाकी ट्रायपॉडबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जड असावा, बस.

खरा जीव खाल्ला भात्यानं.

भाता म्हणजे कॅमेऱ्याच्या मधला तो अकॉर्डियनसारखा भाग. २४० च्या लेन्सला दूरचं दृश्य फोकस करायलाच २४ सेंटीमीटर लागतात, माणूस दोन मीटरवर आला की २७, एक मीटरवर आला की साडेएकतीस. म्हणून ३५ सेंटीमीटरपर्यंत ताणेल असा भाता हवा, अन् भाता कधी पूर्ण ताणायचा नसतो, तर कापड सपाट असताना साडेचारशे मिमीच्या वर धरलं. पंधरा मिमी रुंदीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत दोन मिमी फट, एका बाजूला सत्तावीस, चार बाजूंना एकशे आठ. आत काळं पडद्याचं कापड, बाहेर पुस्तक बांधायचं कापड, मधे या पट्ट्या. पहिला भाता मार्चमध्ये रबर सोल्यूशननं चिकटवला, सुंदर झाला होता, घड्या एकावर एक पत्त्यांसारख्या बसत होत्या. एप्रिलच्या शेवटी वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलेला तो एका दुपारी सुटला. नागपूरचं ऊन, पारा पंचेचाळिशीला, सोल्यूशन वितळून कापडाच्या बाहेर आलं अन् पट्ट्या आत घरंगळल्या. पंधरा दिवसांचं काम.

मग मला सुचलं की आपल्याकडे भाता बनवणारी माणसं आहेतच की. नागपूरच्या महाल भागात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझा मेलेला भाता हातात घेतला, कोपरा दाबला अन् पहिलं वाक्य हेच की कोपऱ्यात पुठ्ठा कशाला गेला, कोपऱ्यात तर घडी उलटी वळते, तिथं नुसतं मऊ पाहिजे. पेटीच्या भात्यात कोपऱ्याला पातळ कातडं लावतात, ते त्यांनी मला दाखवलं, बोटानं ताणून. पट्ट्यांची टोकं एक आड एक तिरपी छाटायची, म्हणजे शेजारच्या दोन बाजू घडी घेताना एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. दुसरं, रबर सोल्यूशन विसरा, फेव्हिकॉल थोडं पाणी घालून पातळ करा, ब्रशनं लावा, वजन ठेवून रात्रभर दाबा.

दुसरा भाता मे महिन्यात झाला. त्याची पहिली घडी घालतानाची गोष्ट सांगायलाच हवी. चौकोनी नळी असते ती, तुम्ही एक बाजू आत ढकलली की शेजारची बाहेर यायला पाहिजे, समोरची परत आत. दोन हात, चार बाजू. पहिल्या तीन घड्या तर जिवावर येतात, कापड म्हणतं मी कुठेच वळणार नाही. मी चिमटीत एक कोपरा धरून बसलो होतो, आई कूलरसमोर भाजी निवडत होती, तिनं न विचारता समोरचे दोन कोपरे धरले, आम्ही दोघांनी मिळून दाबलं, अन् चौथ्या घडीनंतर कापडाला जणू आठवलं की आपण काय आहोत. पुढच्या वीस घड्या पाच मिनिटांत. मग रात्री दिवे बंद करून आत मोबाइलचा टॉर्च ठेवला. दोन कोपऱ्यांत टाचणीएवढे तारे दिसले, तिथं काळा रंग, परत टॉर्च, परत एक तारा, परत रंग. आतून सगळ्या लाकडाला शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला, तो चमकत नाही म्हणून.

काच मी स्वतः घासली. फोटो जिथं उमटलेला दिसतो ती दुधी काच. बाजारात मिळणारी दुधी काच फार जाडीभरडी असते, तिच्यावर बारीक तपशील दिसत नाही. तीन मिमीच्या दोन काचा कापून आणल्या, कडा आधी धारेच्या दगडावर मारल्या, नाहीतर हात कापतो. सुरुवातीला गाडीचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट वापरून पाहिली, ती तेलकट, अन् जाड दाण्यानं एक लांब ओरखडा पाडला जो नंतर काही केल्या गेला नाही, ती काच गेली. मग ६०० नंबरची पावडर मागवली. एका काचेवर चिमूटभर पावडर, चमचाभर पाणी, वर दुसरी काच, अन् इंग्रजी आठच्या आकड्यात हात फिरवत राहायचं. सुरुवातीला खरखर असा आवाज येतो, दाणे फुटत जातात तसा तो आवाज बारीक होत जातो, सरसर, मग नुसता ओल्या कापडासारखा. आवाज बसला की पाणी-पावडर नवीन. पाऊण तास लागला. धुवून पुसली, खिडकीसमोर धरली, तर समोरचा कडुनिंब दिसेनासा झाला होता अन् उजेड तेवढा आत येत होता. मी घासलेल्या गोष्टींत इतकं समाधान कशातच मिळालं नव्हतं. कोपरे कापून ठेवले, म्हणजे मागून तिथून डोकावून लेन्सचा उजेड फिल्मच्या टोकापर्यंत पोचतो की नाही ते बघता येतं.

फिल्म होल्डर मात्र विकत घेतले, जुने वापरलेले, दोन. ते घरी बनवू नका असं मी सांगेन. होल्डरमध्ये फिल्म किती खोल बसते याचं ठरलेलं माप आहे, तळ ०.१९७ इंचावर, त्यात फिल्मची जाडी ०.००७, म्हणजे फिल्मचा पृष्ठभाग ०.१९० इंचावर, ४.८ मिमी म्हणा. दुधी काच पण बरोबर तेवढ्याच खोलीवर पाहिजे, कारण फोकस आपण काचेवर करतो अन् फोटो निघतो फिल्मवर. काच काढून होल्डर त्याच जागी येतो. अख्ख्या कॅमेऱ्यात जीव मुठीत धरून करायचं माप हे एकच. मी चित्रावर काचेच्या पायरीसमोर, म्हणजे चौकटीत काच टेकते त्या खाचेसमोर, ४.८ लिहून दोनदा गोल केला होता. मिस्त्री काकांनी ते वाचलं, टेप पाहिला, अन् बाजूला लिहिलं, दीड सूत.

मी तेव्हा काही बोललो नाही.

आता फिल्म. शीट फिल्म बाहेरून मागवायची तर एकेक फोटो इतक्या रुपयांना पडतो की झाकण काढायला हात होत नाही. एकेकाळी ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळायची, सरकारी कंपनी, १९६० साली सुरू झालेली, आता ती बंद. मग माझ्यासारख्यांचा आधार म्हणजे एक्स-रे फिल्म. मेडिकल चौकाच्या आसपास सर्जिकलच्या दुकानांत चौकशी केली की आठ बाय दहाचा डबा मिळतो, एका शीटचे चार तुकडे, फक्त कापताना नेमकं चार बाय पाच ठेवू नका, दीड-दोन मिमी कमी ठेवा, नाहीतर होल्डरमध्ये शिरत नाही. हिला लाल रंग दिसत नाही, म्हणून लाल दिव्याखाली आरामात कापता येते, डेव्हलप होताना डोळ्यांनी बघता येते. उन्हात मी हिचा स्पीड, म्हणजे उजेड टिपायचा वेग, ५० धरतो. दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे चित्र उमटतं तो जिलेटिनचा थर असतो, त्यामुळे ओली असताना नखाचा स्पर्शही पुरतो ओरखड्याला. ट्रेच्या तळाशी साधी गुळगुळीत काच ठेवली की हा त्रास जवळजवळ संपतो.

डेव्हलपर घरीच मिसळतो, डी-७६. एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्यायचं, मग उरलेलं सल्फाइट अन् बाकी सगळं, कारण सल्फाइट जास्त झालं की मेटॉल विरघळतच नाही. हे सगळं पुस्तकात २० अंशाला करायचं असतं. मे महिन्यात आमच्या टाकीतलं पाणी नळातून हाताला चटका देतं, तिथं २० अंश कुठून आणणार. गरम डेव्हलपरमध्ये दोन-तीन मिनिटांत फिल्म काळी होते अन् डाग पडतात, शिवाय जिलेटिन फुगून इतकं मऊ होतं की कोपऱ्यातून सोलून यायला लागतं, माझ्या दोन निगेटिव्ह अशाच गेल्या. पूर्वी उष्ण देशांतले फोटोग्राफर डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचे, त्यानं जिलेटिन फुगत नाही. मी सोपं करतो, माठातलं पाणी वापरतो, ट्रे मोठ्या परातीत ठेवतो, परातीत बर्फ. २४ अंशांवर थांबतो, वेळ कमी करतो. अन् धुवायचं पाणी पण माठातलंच, नाहीतर थंडातून एकदम गरमात गेलेलं इमल्शन सुरकुततं.

जुलैत पहिलं खरं काम केलं, महालातलं गांधी गेट. सकाळी सहाला गेलो, आभाळ भरलेलं, रस्ता ओला. उंच वास्तूचा फोटो काढताना कॅमेरा वर केला की दोन्ही बाजू वरती मिटत जातात, इथं कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्सची फळी वर सरकवायची, कमान उभीच्या उभी. एफ/४५, चार सेकंद. पाच मिनिटांत दहा-बारा माणसं जमली. एक आजोबा सायकल स्टँडवर लावून आले अन् काळजीनं विचारलं, "रोडाचं मोजमाप करून राहिले का जी? घरं जातीन का?" त्यांना कापडाखाली बोलावलं. उलटं गेट बघून बाहेर आले, काही बोलले नाहीत, परत एकदा आत गेले.

तो फोटो टोकापासून टोकापर्यंत शार्प आला. ऑगस्टमध्ये पावसानं सागवान फुगून पाट घट्ट झाला, त्याला मेणबत्ती घासली, सुटला. ऑक्टोबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात यायला लागली तेव्हा कळमना मार्केटला गेलो, जमिनीवर संत्र्यांचे ढीग, पायापासून पार लांबपर्यंत. इथं लेन्स पुढे झुकवायची. लेन्सची पातळी, फिल्मची पातळी अन् आपल्याला शार्प हवी ती पातळी, तिन्ही वाढवल्या तर एका रेषेत भेटायला पाहिजेत, हे ऑस्ट्रियाच्या थिओडोर शाइमफ्लुगनं १९०४ च्या पेटंटमध्ये मांडलंय, त्यानं आपल्याआधीच्या कार्पेंटिएचं पेटंट वाचलं होतं. काचेवर ते होताना बघणं म्हणजे, थोडं झुकवता, मागचे ढीग धूसर, अजून थोडं, अन् अचानक सगळा गालिचा एकदम उघडतो. फोटोत संत्री मात्र काळीभोर आली, फिल्मला लाल-केशरी दिसतच नाही ना. सालीवरचं बारीक छिद्र न छिद्र होतं. जांभळासारखी संत्री नागपूरकरांना दाखवली की ते जरा नाराज होतात, पण मला तो फोटो फार आवडतो.

म्हणजे तीन महिने सगळं शार्प. अन् मग बाबांचे कान.

फरक एवढाच की बाबांचा फोटो एफ/९ वर काढला होता, मागचं अंगण धूसर यावं म्हणून. मी वर्तमानपत्र टेबलावर तिरपं ठेवून परत तपासलं, मधल्या मथळ्यावर फोकस, एफ/९. निगेटिव्हवर मथळा मऊ अन् त्याच्या मागच्या ओळी वाचता येत होत्या. म्हणजे काच लेन्सपासून जास्त लांब, फिल्म जवळ. अन् माझ्या डोक्यात लगेच उभं राहिलं ते दीड सूत. मी ४.८ लिहून दिलं होतं, दोनदा गोल केला होता, अन् या माणसानं ते सुतात नेलं. खरं सांगतो, मला राग आला होता. व्हर्नियर कॅलिपर घेऊन, कॅमेरा पिशवीत घालून, त्यांना आकडा दाखवायचाच म्हणून दुकानात गेलो.

काका पटाशीला धार लावत होते. मी सगळं सांगितलं, जरा वरच्या आवाजात. त्यांनी कॅमेऱ्याची मागची चौकट काढून मांडीवर घेतली अन् म्हणाले, मोजा. काच काढून मी कॅलिपरचा दांडा पायरीवर टेकवला. ४.७५. दुसरा कोपरा, ४.८. तिसरा, ४.७५. मी तिथंच मनात गुणाकार केला. दीड सूत म्हणजे ३/१६ इंच, ४.७६ मिमी. मला हवं होतं ४.८३. केसभराचा फरक, एफ/९ ला सोडा, कुठंच न दिसणारा. चौथ्या कोपऱ्याला कॅलिपर लावायच्या आधी काकांनी अंगठ्याचं नख पायरीवरून फिरवलं अन् थांबले. "इथं दोन कागद उंच हाये." कॅलिपरनं ४.५५ दाखवलं. फेव्हिकॉलचा एक थेंब वाळून राहिला होता, काच बसवताना माझ्याच हातनं पडलेला. त्यांनी पटाशीनं एका झटक्यात काढला, परत नख फिरवलं. पण दोन कागदांनी बाबांचे डोळे जात नाहीत.

मग त्यांनी काच उचलली. उजेडात तिरपी धरली, एका बाजूवर नख ओढलं, नख घसरलं. दुसऱ्या बाजूवर ओढलं, कर्रर्र. म्हणाले, "घासेल बाजू तुमी कोनतीकडे ठेवली होती?"

"माझ्याकडे. म्हणजे बाहेरच्या बाजूला."

"चित्र उमटते कुठं?"

"घासलेल्या बाजूवर."

"अन् लाकडाले टेकते कोनती बाजू?" त्यांनी काच चौकटीत ठेवली, गुळगुळीत बाजू पायरीवर, दुधी बाजू वर, अन् काचेच्या कडेवर बोट ठेवलं. "मंग हे जाडी कोनाच्या हिशेबात?"

तीन मिमीची काच. एक सूत, जवळजवळ. मी पायरी ४.८ मागितली अन् मग दुधी बाजू त्याच्या तीन मिमी मागे नेऊन ठेवली, कारण चित्र उमटतं ती बाजू आपल्या डोळ्यासमोर असावी असं मला सरळ वाटलं होतं. घरी येऊन मी कागदावर नीट मांडलं. काचेतून जाताना प्रकाश वाकतो, त्यामुळे तीनातला साधारण एक मिमी परत मिळतो, उरतात दोन. बाबा दोन मीटरवर होते, तिथं दोन मिमीची चूक म्हणजे समोर साडेअकरा सेंटीमीटर. डोळ्यापासून कानापर्यंत. अन् गांधी गेट का वाचलं ते पण कळलं. एफ/९ ला प्रकाशाचा शंकू रुंद असतो, दोन मिमी चुकलं की टिंबाचा ०.२२ मिमीचा ठिपका होतो, डोळ्याला दिसतो. एफ/४५ ला तोच ठिपका ०.०४, कोणालाच दिसत नाही. लहान छिद्रानं माझी चूक तीन महिने झाकून ठेवली होती.

तिथं दुकानात काकांनी काच उलटी केली, दुधी बाजू आत, लेन्सकडे, अन् चारही क्लिपा दाबल्या. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "सूत मोठं हाये, पन दीड सूत म्हंजे दीड सूतच असते भाऊ," अन् परत पटाशी दगडावर घेतली.

बाबांचा फोटो परत काढला, तीच खुर्ची, तोच उजेड. डाव्या डोळ्यात ओसरीची जाळी दिसते.

अन् परवा मिस्त्री काकांचा काढला, दुकानातच, एफ/२२, तीन सेकंद, हातात रंधा धरून. कपाळावरचं कुंकू ठार काळं आलंय. काँटॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली, नेऊन दिली तेव्हा ते ती घेऊन शेडच्या बाहेर उजेडात गेले. मला वाटलं चेहरा बघतायत. बराच वेळानं म्हणाले, रंध्याचं पातं एका बाजूनं जास्त बाहेर आलंय, इथं दिसून राहिलं, अन् आत जाऊन हातोडीनं ते ठोकून बसवलं.